हवेत थांबलेला माणूस

अमेरिकेत ॲन आर्बरला आमच्याकडे आलेल्या आईचं परतीचं तिकीट एप्रिलचं होतं. डिसेंबर संपायच्या आत ती म्हणू लागली, "अलीकडचं करून दे." तक्रार थंडीची नव्हती. "खिडकीत बसलं की सगळं पांढरंच. बघायचं तरी काय?" माझ्या मुलीचा शाळेतला नाच मार्चमध्ये होता आणि आजीनं तो बघावा, असं तिला फार वाटत होतं. मी टाळाटाळ करून शेवटी येत्या रविवारी तिकीट बदलून द्यायचं कबूल केलं.

शनिवारी दुपारी तिघांनी मिळून एक चिनी तलवारबाजीचा चित्रपट लावला. खालच्या ओळी इंग्रजीत. आईला इंग्रजी येत नाही, म्हणून मी प्रत्येक संवादाला चित्र थांबवून मराठीत सांगू लागलो. वर्तमानपत्रात बातम्यांची भाषांतरं करताना लागलेली सवय; एक शब्द गाळायचा नाही. बांबूच्या बनात लढाई सुरू झाली. नायकानं शेंड्याकडे झेप घेतली आणि तेवढ्यात खालून नायिका काही बोलली. मी थांबवलं.

"ती म्हणते, गुरूंनी दिलेल्या शब्दाखातर..."

"आधी त्या बिचाऱ्याला खाली उतरव," आई म्हणाली.

मुलगी हसत सोफ्यावर आडवी झाली. "आजी, ही इज ऑन वायर्स."

"तुला दिसते का वायर? मग झालं."

मी रिमोट उचलला.

"थांब, राहू दे जरा." ती पडद्याजवळ गेली. नायकाची पांढरी बाही हातापेक्षा कितीतरी लांब होती आणि हिरव्या बांबूंमध्ये तिची एक कमान झाली होती. आईनं ती बोटानं हवेत काढून पाहिली. "आता तू बोलू नकोस. कोण कुणावर चिडलंय ते कळलंय मला."

मी खालच्या ओळीही बंद केल्या. शेवटची लढाई गोठलेल्या तळ्यावर होती. कॅमेरा खूप लांब. एवढ्या पांढऱ्यात एक लाल झगा फिरत होता आणि तलवारीबरोबर बर्फाचा भुगा उडत होता. कुणी थांबवलं नाही.

"पांढरं आहे म्हणून लाल एवढं उठून दिसतंय," आई म्हणाली.

रविवारी सकाळी मी तिकिटासाठी लॅपटॉप उघडला. आई घरात नव्हती. मागच्या अंगणात होती. साडीवर नातीचं लाल जाकीट, हातात गाडीवरचा बर्फ झाडायचा लांब ब्रश. नात फोन घेऊन दारात उभी.

"अजून मागे जा," आजी तिला सांगत होती. "जवळून नुसते चेहरे येतात."

"आजी, आय ॲम फ्रीझिंग."

"मग लवकर काढ." तिनं ब्रश गोल फिरवला. बर्फ उडाला, त्यातला बराचसा तिच्याच डोक्यावर पडला.

मी दारातून विचारलं, "आई, तिकीट कधीचं करू?"

"हिचा नाच झाल्यावरचं. एप्रिलचंच आहे ना, मग राहू दे की." ती नातीकडे वळली. "आणि तुझ्या त्या ड्रेसला बाही आहे का? नसेल तर लावू. लांब लावू."