वास गेल्याशिवाय दाढ बंद करू नये

साताऱ्याहून दंतवैद्यक शिकायला बंगळुरूला आले, त्या पहिल्याच वर्षी माझी दाढ सुजली आणि डॉ. वत्सला जाधव यांची ओळख झाली. परीक्षा तोंडावर आली होती. त्यांच्या राजाजीनगरातल्या दवाखान्यात जाऊन मी फक्त गोळ्या मागितल्या.

"दातातली नस मेलीय ग. तिथं रक्तच पोचत नाही, मग गोळी कशी पोचणार? स्वल्प आ कर."

त्यांनी दाढ उघडली, धुतली, कागदाची बारीक काडी आत फिरवली आणि चक्क नाकाशी धरली. "वास येतोय. आज बंद करायची नाही." पुढच्या खेपेलाही तेच झाले. मी कुरकुरले, पण त्या बधल्या नाहीत. वास गेल्यावरच कानडीत "सरी", म्हणजे ठीक, असे म्हणाल्या आणि दाढ बंद केली. ती अजून शाबूत आहे.

पुढे महाविद्यालयात मी त्यांची विद्यार्थिनी झाले आणि इतरांसारखीच त्यांना अक्का म्हणू लागले. मुळाशी हाड झिजते ते जंतू खातात म्हणून, असे आम्ही धरून चाललो होतो. अक्कांनी ते डोक्यातून काढले. जंतू मुळाच्या नळीत दडी मारून बसतात. बाहेरच्या पांढऱ्या पेशींना आत शिरता येत नाही, पण जंतूंचे विष पाझरले की त्या भडकतात, एकमेकींना हाका मारतात आणि त्या गदारोळात आपलेच हाड विरघळते. चोर माळ्यावर सुखरूप आणि धोंडे मारून कौले आपलीच फुटलेली, असा प्रकार. उपटलेल्या दातांतले जंतू घेऊन अक्कांनी वर्षानुवर्षे हेच तपासले. मेलेल्या जंतूंचे तुकडेसुद्धा पेशींना तितकेच चिडवतात, हे त्यांनी आम्हाला प्रयोगशाळेत दाखवले. "मारलं म्हणजे संपलं नाही," त्या म्हणत, "मेलेलं धुऊन बाहेर काढा."

रुग्णांच्या बाबतीत त्या हट्टीच होत्या. के. आर. पुरमहून एक शिवणकाम करणाऱ्या बाई येत. त्यांचा रोज बुडू नये म्हणून अक्का रविवारी दवाखाना उघडत आणि त्यांना उपाशी परत पाठवत नसत.

आता जे लिहू नका असे मला सांगितले गेले, ते लिहिते.

अक्कांचे ते काम छापून आले तेव्हा त्यावर नाव होते आमच्या विभागप्रमुखांचे. अक्का शेवटच्या ओळीत होत्या, सहकार्याबद्दल आभार मानलेल्यांत. त्यांनी शांतपणे कारण विचारले. उत्तर म्हणून प्रयोगशाळेला कुलूप लागले आणि निवृत्त होईपर्यंत अक्का ओपीडीत दात उपटत बसल्या. दात वाचवणाऱ्या बाईंना दिलेली ही शिक्षा होती. मला तेव्हाही राग आला होता आणि आजही येतो.

अक्कांच्या पंचाहत्तरीचा सत्कार आणि हा गौरव अंक ज्या समितीने योजला आहे, तिचे अध्यक्ष आज तेच विभागप्रमुख आहेत. त्यांचा मला फोन आला. "अहो, ते प्रकरण केव्हाच मेलं. कशाला उकरता? अमृतमहोत्सव आहे, जरा गोड लिहा."

मेलेल्याचे काय होते, हे अक्कांच्या कामावर नाव लावणाऱ्याला ठाऊक नसावे, याचे मला नवल वाटले नाही.

मी जे. पी. नगरला अक्कांच्या घरी गेले. त्या गॅलरीत कढीपत्ता निवडत होत्या.

"सत्कारात म्हैसुरी पेटा घालणार म्हणे माझ्या डोक्यावर," त्या म्हणाल्या. "शोभेल का ग?"

"अक्का, जाणार तुम्ही?"

"त्यांना एकच सांगितलंय. काम कुणाचं होतं ते माइकवर बोला, मग काय हवं ते घाला डोक्यावर." काड्या बाजूला करत त्या थांबल्या. "उत्तर नाही आलं अजून."

 

अक्कांना उदंड आयुष्य लाभो, गुडघे साथ देवोत, नजर अशीच तीक्ष्ण राहो. ते एक वाक्य त्यांच्या कानावर पडेपर्यंत तर हे सारे लाभलेच पाहिजे. समितीने हा लेख छापावा किंवा फाडावा. फक्त तोवर तो पेटा खोक्यातच राहू द्यावा.

वास येतोय. आज बंद करायची नाही.