लगाम धरून चालणारे दादा

मधुमेहाची गोळी दादा औषध म्हणून घेत नसत, परवाना म्हणून घेत. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी खिशातली चपटी डबी काढायची, एकीऐवजी दोन गोळ्या तोंडात टाकायच्या आणि वाढप्याला म्हणायचं, "लिधी गोळी. आते जिलबीले काबर भ्यावानं? वाढ!" दादा म्हणजे माझे थोरले भाऊ. सारंगखेड्यात केळी आणि कापूस करीत. मी तिथल्याच शाळेत शिकवीत असे.

त्या गोळ्या तेव्हा आमच्याकडे नवलाईच्या होत्या. शाळेतली एक परीक्षानळी मी घरी आणली होती. दर रविवारी गोठ्यामागे, स्पिरिटच्या दिव्यावर, निळ्या औषधात दादांची लघवी उकळून पाहायची. साखर फार असली की निळा रंग विटेसारखा लाल व्हायचा. गोळ्यांनी तो हिरव्यावर आला आणि दादांना वाटलं, जिंकलो. कमरेचा पट्टा मात्र एकेक भोक बाहेर सरकत होता. एकदा ते कापसाच्या काट्यावर बसले. अडीच मण भरले. तोलाऱ्यानं गंभीरपणे विचारलं, "दादा, हाई वजन सरकी काढीसन, का सरकीसंगे?" सगळ्यांत मोठ्यानं दादाच हसले.

हसले नाहीत ते फक्त सावळीच्या बाबतीत. ही काळी घोडी त्यांनी शिंगरू असल्यापासून वाढवलेली. पोट सुटलं तसं त्यांनी तिच्यावर बसणं सोडलं. "तिनी पाठ मन्हा पोटसाठे नही शे," एवढंच म्हणत.

आमच्या दत्तजयंतीच्या यात्रेत घोड्यांचा मोठा बाजार भरे, आणि त्याची एक रीत होती. मालक बसून आला तर घोडा घरचा, लगाम धरून पायी आला तर विकाऊ. हे कुणी कुणाला सांगत नसे. त्या वर्षी दादा सावळीला देवदर्शनाला पायी घेऊन गेले. मारवाडकडच्या एका व्यापाऱ्यानं तिचा ओठ उचलून दात पाहिले.

"सेठजी, क्या लोगे?"

"इकाऊ नही शे."

"तो फिर बैठते क्यों नहीं?"

दादांनी लगाम ओढला आणि घरची वाट धरली. रात्री ताटातला गूळ त्यांनी बाजूला सारला.

दुसऱ्याच आठवड्यात आम्ही नंदुरबारला डॉक्टरांकडे गेलो. दोन गोळ्यांची गोष्ट मीच सांगितली. डॉक्टर शांतपणे म्हणाले, "गोळीनं साखर उतरते, पण भूकही वाढते. तुम्ही दुप्पट गोळी घेऊन दुप्पट जेवता. ते चरबी होऊन अंगावर बसतं आणि साखर पुन्हा चढते. तुम्ही चरबी उतरवा, गोळी मी उतरवतो."

दादांना सौदा पटला. मळ्यात बैलगाडीनं जाणं बंद झालं. रोज सकाळी सावळीचा लगाम धरून ते तापीकाठानं मळ्यापर्यंत चालू लागले. पारावरची माणसं विचारत, "दादा, घोडी तुले फिरावस का तू घोडीले?"

"आवंदा मी तिले फिरावस. पुढला साल ती माले फिरावी!"

पंगतीत ते आता वरण, भाजी आणि एक भाकरी घेत, आणि शेजाऱ्याच्या जिलबीकडे इतक्या प्रेमानं पाहत की तो बिचारा घास गिळायला संकोचे. पट्ट्याची भोकं एकेक करून आत परतली. डॉक्टरांनी आधी गोळी अर्धी केली, पुढे तीही थांबवली. एका रविवारी मी नळी दिव्यावर धरली, उकळी आली, आणि पाणी निळंच राहिलं. मी पुन्हा उकळलं. निळंच. दादांनी नळी माझ्या हातातून घेऊन उजेडात धरली. "तापीनं पानी," ते म्हणाले. मग सगळ्या गल्लीला ती दाखवून आले!

पुढच्या यात्रेला दादा सावळीवर ताठ बसून निघाले. काट्यावर दोन मण भरले होते. त्या व्यापाऱ्याला त्यांनी शोधूनच काढलं.

"सेठ, आज दाम नही पूछा?"

व्यापाऱ्यानं वर पाहिलं आणि हसून हात जोडले.

त्यानंतर चार यात्रांना दादा घोडीवरूनच गेले. पाचव्या वर्षी पावसाळ्यात ताप आला आणि आठवड्यात ते गेले.

त्या वर्षी सावळीला देवाला मी नेलं, अर्थात पायी. जन्मात मी कधी घोड्यावर बसलो नव्हतो. गर्दीत एका अनोळखी माणसानं तिच्या ओठाला हात घातला.

"कितलानी?"

"इकाऊ नही शे," मी म्हणालो.

त्यानं हात काढला नाही. मी चष्मा खिशात ठेवला आणि रिकिबीत पाय घातला. सावळी जराही हलली नाही. मी वर बसलो आणि आम्ही दोघं देवळाकडे निघालो.