मोतीरामच्या लेकी

मांजरी गावाच्या बाजूला उसाला तुरे आले की मार्गशीर्षातली तिकडची हवा किंचित गोडसर होते, आणि त्या गोडव्यात शेणाचा, कडब्याचा नि नुकत्याच कापलेल्या लसूणघासाचा वास मिसळला की मला अजूनही, कुठेही असले तरी, एका प्रिंटरची करकर ऐकू येते. दोन्ही कडांना भोकं असलेला त्याचा लांबलचक कागद घड्या घालत जमिनीवर उतरायचा आणि खिडकीतून आलेलं कोवळं ऊन त्या आकड्यांवरून सरकत जायचं. अशाच एका सकाळी त्या कागदावर मोतीरामचा क्रमांक अगदी तळाला आला.

मोतीराम हा वळू होता. आमच्या पशुपैदास संस्थेच्या दप्तरी त्याला फक्त क्रमांक होता; नाव ठेवलं होतं त्याची निगा राखणाऱ्या दशरथमामांनी. वळूची पारख त्याच्या लेकींच्या दुधावरून होते. गावोगावच्या गोठ्यांतून महिन्यातून एकदा दूध मोजून नोंदी यायच्या, मी त्या गणितात घालायचे आणि कोणता बाप किती गुणाचा ते सांगायचे. जो तळाला जाईल त्याला संस्थेतून काढायचं आणि द्रव नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवलेल्या त्याच्या रेतमात्रा नष्ट करायच्या, असा नियम होता. सोमवारी बैठक होती, आणि त्या कागदाखाली माझी सही लागणार होती. आधी वरिष्ठ सही करायचे; तिथली माझी ती पहिलीच सही.

मी गोठ्यापाशी कशी पोहोचले, हे मलाही नीटसं सांगता येत नाही. माझा प्रबंध पुंजभौतिकीतला. ते ऐकलं की लोक हटकून पेटीतल्या, एकाच वेळी जिवंत नि मेलेल्या त्या मांजराची चौकशी करायचे, आणि मी अखेर वळले गायीकडे. मधली दोन वर्षं एका प्रयोगशाळेत, गोंगाटात बुडालेल्या संकेतांमधून खरा संकेत वेगळा काढण्यात गेली. पण ज्या गणिती मांडणीने अणूच्या पोटातल्या ऊर्जेच्या पायऱ्या सापडतात, जवळजवळ तीच मांडणी गायींच्या वंशावळीलाही लागू पडते, हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला झालेला आनंद घरात कुणालाच समजला नाही. ‘‘एवढं शिकून शेवटी गोठाच ना?’’ असं मावशी म्हणाली आणि शांतपणे पोहे परतू लागली.

ते दिवसच तसे होते. शहराच्या कडेची ज्वारीची रानं बघता बघता काचेच्या इमारती होत होत्या आणि वर्गातले निम्मे लोक संगणकाचं बोट धरून समुद्रापार गेले होते. दर डिसेंबरात ते सुट्टीवर यायचे. मग कोथरूडला एका मैत्रिणीच्या गच्चीवर आमचा मेळावा भरायचा. त्यांच्या अंगाला परक्या साबणाचा मंद, स्वच्छ वास असे. मी मात्र निघण्यापूर्वी दोनदा हात धुऊनही ते हुंगून पाहत असे. तिथून परतताना, रिक्षात बसल्या बसल्या, मी वर्षाचा हिशेब मांडायचे आणि दरवर्षी नापास व्हायचे. यंदाचा मेळावा बैठकीच्या आदल्या दिवशी, रविवारी होता.

शुक्रवारी मामा दारात येऊन उभे राहिले. हातात टोपी. ‘‘म्याडम, माझ्या बहिनीच्या दारात त्याची लेक हाय. दोन वक्ताला बादली भरती. तुमचं यंत्र काय म्हनतंय?’’

‘‘मामा, यंत्राला बहीण नसते,’’ मी म्हणाले.

ते टोपी डोक्यावर ठेवून गोठ्याकडे गेले, आणि मला माझीच लाज वाटली. गावागावांतला फरक गणितात धरायचा असतो, तो मी धरलाही होता. पण मोतीरामच्या लेकी जवळपास सगळ्या एकाच गावात होत्या, आणि त्या गावात दुसऱ्या कुणा वळूची लेक औषधालाही नव्हती. तेव्हा दूध कमी भरलं तर दोष गावाचा की बापाचा, हे गणिताला सांगता येणार तरी कसं? मी त्या गावची मूळ वही मागवली.

प्रयोगशाळेतल्या दिवसांनी मला एकच खोड लावली होती: काय मोजलं हे पाहण्याआधी केव्हा मोजलं ते पाहायचं. बाकीच्या गावांच्या नोंदी महिन्याच्या ठरल्या तारखेच्या होत्या. या गावच्या तारखा मात्र दर वेळी थोड्या मागे सरकत होत्या, एकोणतीस दिवस, तीस दिवस, पुन्हा एकोणतीस. मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर पसरलं. वहीतली प्रत्येक तारीख अमावस्येच्या काळ्या गोळ्यावर पडत होती.

नोंदी घेणारे शेलारभाऊ चहाला गेले होते, त्यांना तिथेच गाठलं. त्यांना माझ्या धावपळीचं नवल वाटलं. ‘‘आवसंला औत धरत न्हाईत, मॅडम. मानसं घरी गावत्यात. एरवी जावं तर दाराला कुलूप. म्हनून त्या गावाला माझी आवस ठरल्याली.’’

‘‘आणि त्या दिवशी दूध?’’

‘‘आवसंला तिथं दोनच सड पिळत्यात. बाकीचं दोन वासराचं, जुनी चाल हाय त्यांची.’’ मग बशीतला चहा संपवून त्यांनी विचारलं, ‘‘ते बी लिवायचं असतं व्हय?’’

त्यांच्यावर रागवावं असं काहीच नव्हतं. आमच्या छापील तक्त्यात तसा रकानाच नव्हता.

शनिवारी संध्याकाळी मी, मामा आणि शेलारभाऊ त्या गावी गेलो. अमावस्या होऊन आठवडा उलटला होता. पश्चिमेला ऊन तांबूस होऊन उसाच्या तुऱ्यांत अडकलं होतं, गुऱ्हाळाचा धूर रस्त्यावर आडवा पसरला होता, आणि मी मात्र मांडीवरच्या वहीतले आकडे पुन्हा पुन्हा वाचत होते. कारण चाल खरी असली तरी वळू चांगला आहे असं त्यावरून सिद्ध होत नव्हतं. मामांची बहीण सुभद्राबाई धारेला बसल्या. आधी रिकाम्या बादलीत पत्र्यावर पडल्यासारखा आवाज आला, मग तो हळूहळू खोल, मऊ, दाट होत गेला, फेस काठाकडे चढू लागला आणि चौथा सड मोकळा होईस्तोवर मी श्वास धरून होते. शेलारभाऊंनी माप लावलं आणि आकडा दोनदा वाचला. वहीतल्या आकड्याच्या दुपटीला थोडाच कमी होता तो. नंतर आम्ही आणखी पाच गोठे फिरलो. कुठे थोडं कमी, कुठे जास्त, पण एकही लेक बापाचं नाव घालवणारी निघाली नाही.

मला रडू आलं. गोठ्यातल्या धुराने डोळे चुरचुरले असं मी म्हणाले, आणि सुभद्राबाईंनी ते खरं मानून मला डोळ्यांवर मारायला पाणी दिलं. मामांना मी म्हणाले, ‘‘चुकलं माझं.’’ त्यांनी नुसती मान हलवली. ‘‘तुमी इथवर आलासा, म्याडम. बास झालं.’’

सोमवारच्या बैठकीत मोतीरामचा क्रमांक काढून टाकायच्या वळूंच्या यादीतून बाहेर निघाला आणि त्या गावची मोजणी नव्याने करायचं ठरलं. दुपारी मी गोठ्यात गेले. त्याने माझ्या तळहाताला ओलं, खरखरीत नाक लावलं, घास नाही असं पाहून मान फिरवली, आणि मला इतकं हलकं वाटलं की मी उगाच हसत सुटले.

संध्याकाळी स्वारगेटच्या बसमध्ये बसल्यावर आठवलं की आदल्या दिवशी कोथरूडला जायचं आपण साफ विसरलो. रविवारभर मी घरी नव्या मोजणीच्या तारखा आखत बसले होते, पंचांग उघडं ठेवून, एकही अमावस्या येऊ न देता. हातांना दुधाचा आंबूस वास येत होता, आणि तो धुवावासा वाटला नव्हता. म्हणजे इतकी वर्षं मी स्वतःला वर्षातून एकदाच मोजत आले, आणि तेही त्या गच्चीवरून परतताना, नेमकं आवसेला. एरवीच्या दिवशी मी किती भरते, हे मला अजून माहीत नाही.