तेरखेड्यापर्यंत

ड्रायव्हरांत दोनच जाती, लाईनवाले आणि लोकलवाले. लाईनवाला आठ-पंधरा दिवस घराबाहेर, देव डॅशबोर्डवर आणि बायको-पोरं फोनवर. लोकलवाला कळंब-बार्शी करून दिवे लागायला घरी. निदान येरमाळ्यात तरी 'लोकल'चा अर्थ एवढाच होता. पण परगावी गेलं की माणसासारखा शब्दही बिघडतो.

मल्लिनाथ बावीस वर्षं लाईनवर होता. बंगळूरला माल भरायचा, इंदूरला उतरवायचा. त्यात एक सुख होतं. हमरस्ता येरमाळ्यावरूनच जातो, त्यामुळं आठवड्यातून एकदा तरी गाडी घरापासून हाकेच्या अंतरावर उभी राही. तो आईजवळ, कस्तुराबाईजवळ बसून गरम भाकरी खाई, बायको शरणम्मा वाटेसाठी डबा बांधून देई आणि अर्ध्या तासात गाडी पुन्हा रस्त्याला लागे. अर्धा तास म्हणजे काय थोडा झाला? गावात राहणारी पोरंसुद्धा एवढं बसत नाहीत आईजवळ.

मग त्याचा जोडीदार सिदू घाटात गाडीसकट गेला. त्याचं दिवसकार्य उरकल्यावर कस्तुराबाईनं मुलाला समोर बसवलं.

"लाईन सोड, मल्लू. माझं डोळं मिटस्तोवर तरी जवळ ऱ्हा. लोकल बघ कुठंतरी."

आईचा शब्द त्यानं खाली पडू दिला नाही. पण आसपास काम मिळेना. तेवढ्यात एका ठेकेदाराचा निरोप आला. राजस्थानात, बाडमेरकडं, तेलाच्या विहिरींवर पाण्याचा टँकर चालवायला माणसं हवी होती. ड्युटी लोकल. दिवसा बारा तास काम, रात्री कॅम्पात झोप, घाट नाही की जागरण नाही. मल्लिनाथनं घरी सांगितलं, "लोकल मिळाली." राजस्थान हा शब्द त्यानं जरा हळूच उच्चारला. तो खोटं बोलला नाही, पण शब्दाच्या आड लपला, आणि हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

तिथलं काम म्हणजे घाण्याचा बैल. पाणी भरायचं ते विहिरीवर ओतायचं, अकरा किलोमीटर जाणं, अकरा येणं, तीसच्या वर काटा न्यायचा नाही. ज्यानं अर्धा देश पालथा घातला, तो एका वाळूच्या रस्त्यावर चाकं झिजवत बसला. त्याहून वाईट होतं ते गेट. आत गॅसचं भय, म्हणून फोन गेटावरच्या कपाटात ठेवायचा आणि संध्याकाळी सहाला परत घ्यायचा. लाईनवर निदान फोन तरी कायम हाताशी असे. इथून घर बाराशे किलोमीटर आणि सुट्टी दोन महिन्यांनी.

सुट्टीला आला की कस्तुराबाई म्हणे, "लोकल म्हंतोस आन् दिसत तर न्हाईस." तो हसण्यावारी नेई.

यंदा शिवरात्रीनंतर तिनं अंथरूण धरलं. तिच्या डोक्यातलं राजस्थान पुसून गेलं, लोकल तेवढं राहिलं. एके दिवशी सकाळी तिला धाप लागली ती थांबेना. डॉक्टर येऊन मान हलवून गेले. शरणम्मानं नवऱ्याला फोन लावला. तो कपाटात वाजला. दिवसभर वाजतच राहिला. इकडं म्हातारी पुन्हा पुन्हा विचारत होती, "सुटली का ड्युटी त्याची?"

सहाला फोन मल्लिनाथच्या हातात आला.

"आत्याबाईंचं काय खरं न्हाय," शरणम्मा म्हणाली. "सकाळपासून तुम्हालाच विचारायल्यात. बोला." आणि तिनं फोन सासूच्या कानाला लावला.

"मल्लू, कुठपत्तुर आलास?"

खरं उत्तर त्याच्या जिभेवर आलं आणि त्यानं ते गिळलं. लाईनवर असताना इंदूरकडून परतताना तो एकेक गाव फोनवर सांगत येई, आणि ती त्या अंदाजानं सुनेला तवा ठेवायला लावी.

"मांजरसुंबा गेलं, आये."

"मग जवळच हाईस."

तो गेटाबाहेर वाळूत बसला. फोनमधून तिचा घरघरता श्वास ऐकू येत होता. बऱ्याच वेळानं म्हणाला, चौसाळा. मग पारगाव. मग सरमकुंडीचा फाटा. मग तेरखेडा. इतकी हळू गाडी त्यानं जन्मात चालवली नव्हती. तेरखेड्याच्या पुढं येरमाळाच होतं, आणि येरमाळ्यात तो नव्हता.

"आये, टायर बसला. तेरखेड्यात थांबलोय."

"बदल सावकाश. म्या जागीच हाय."

दहा मिनिटं झाली, वीस झाली. टायर काही बदलून होईना. येरमाळा म्हटलं की आई जाणार, एवढंच त्याला कळत होतं. शेवटी शरणम्माचा आवाज आला, अगदी दबका.

"आवं, पुरे आता त्यो टायर." तिला पहिल्या गावापासूनच सगळं कळलं होतं. "लई तरास होतोय त्यांना. तुमच्यासाठी जीव धरून बसल्यात. येरमाळा म्हणा."

"न्हाय म्हणवत गं."

"म्हणा. म्या कानाला लावते."

मल्लिनाथला रडू फुटलं होतं. त्यानं तोंडावर हात दाबला, आवाज थोडा सरळ होईपर्यंत थांबला.

"आये, येरमाळा आलं. गाडी लावली. दारात हाय म्या."

"आलास व्हय," कस्तुराबाई म्हणाली. "ये. बस."

त्यानंतर तिनं काही विचारलं नाही.