चौथ्या पायरीवरचं बटन

किशोरी म्हापणकर कट्टा गावच्या बाजारात गेली चौदा वर्षं लग्नपत्रिका, सत्यनारायणाची आमंत्रणं आणि दशावतारी नाटकांची हँडबिलं छपाईसाठी जुळवून देते. दुकान एका गाळ्याचं, समोर एसटीचा थांबा. पण तिला ओळखणारी निम्मी माणसं कट्ट्याला कधी आलेलीच नाहीत. पानं जुळवायचं एक सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्याच्या मराठी वापरकर्त्यांचा मोबाइलवर एक गट आहे. चौदाशे माणसं. त्या गटाची ती 'किशोरीताई'.

सुरुवातीला तिला शिकवायला कोणीच नव्हतं. पहिल्याच मोठ्या कामात तीनशे पत्रिकांवर 'आग्रहाचे निमंत्रण'मधला 'ग्र' फुटून दोन तुकडे झाले होते. छापून झाल्यावर ते कळलं, आणि मुलीचा बाप दुकानात उभा राहून ओरडला होता. मग तीन आठवडे सगळी बटनं दाबून दाबून तिने उपाय शोधला. तो सात पायऱ्यांत लिहून गटाच्या माथ्यावर लावला. दुसऱ्या कोणावर अशी वेळ येऊ नये, एवढंच तेव्हा मनात होतं.

पण माणसं वाचत नाहीत. सकाळी दुकान उघडून उदबत्ती लावेपर्यंत पाच निरोप आलेले असत. 'हॅलो.' 'कोणी आहे का?' 'ताई, अक्षरं फुटतात, अर्जंट.' पडद्याचा तिरका फोटो, त्यात ट्यूबलाइटची चकाकी आणि फोटो काढणाऱ्याचा अंगठा. ती त्याच सात पायऱ्यांची लिंक पाठवी. पुढच्या तासाला तोच प्रश्न दुसरा कोणी विचारी. मी एकटीने शोधलं, यांना नुसतं वाचायचंही जड जातं, असं मनात येऊन तिचं डोकं तापे. उत्तरं हळूहळू आखूड होत गेली. 'वर बघा.' मग नुसतंच 'वर.'

गेल्या मार्गशीर्षात शिरोड्याचे दत्तप्रसाद नावाचे कोणी गटात आले. आयुष्य होडीवर गेलेलं. समुद्रातल्या खडपांची, म्हणजे पाण्यातल्या खडकांची, नावं नव्या होडीवाल्या पोरांसाठी एका छोट्या पुस्तकात उतरवायची, असं त्यांनी पहिल्याच निरोपात लिहिलं होतं. त्यांचीही जोडाक्षरं फुटत होती. किशोरीने लिंक पाठवली. दुसऱ्या दिवशी त्यांचा निरोप: 'चवथ्या पायरीपर्यंत इलंय. फुडचा बटन दिसना नाय.' तिने पुन्हा लिंक पाठवली. तिसऱ्या दिवशी, चौथ्या दिवशी तेच. सहाव्यांदा विचारलं तेव्हा ती दोन पत्रिका, एक हँडबिल आणि बंद पडत आलेला कॉम्प्युटर यांच्यात अडकली होती. तिने लिहिलं, 'काका, बटन तिथेच आहे. आंधळ्यालाही दिसेल. वाचायचंच नसेल तर सॉफ्टवेअर कशाला हवं?'

खाली अठरा जणांनी हसरे चेहरे टाकले. दत्तप्रसादांनी लिहिलं, 'बरां.' आणि ते गटातून बाहेर पडले. किशोरीला वाईट वाटलं नाही. एक कटकट गेली, असंच वाटलं.

चार दिवसांनी कॉम्प्युटर खरोखरच मेला. नवा आणला, सॉफ्टवेअर उतरवून घेतलं, तेही आपोआप नवं आलं. पहिलीच ओळ टाइप केली, 'श्री गणेश प्रसन्न', आणि 'प्र' फुटला. तिने स्वतःच्याच सात पायऱ्या उघडल्या. एक, दोन, तीन. चौथीवर ती थांबली. बटन नव्हतं. तिने चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. नव्हतंच.

पाऊण तास गेला. शेवटी ते बटन परिच्छेदाच्या खिडकीत, अगदी खालच्या कोपऱ्यात, दुसऱ्याच नावाने सापडलं. दोन वर्षांपूर्वीच कोणीतरी तिकडे हलवलं होतं. ती स्वतः जुन्याच कॉम्प्युटरवर राहिली होती, म्हणून तिला पत्ताच नव्हता. तिने गटात 'चौथी पायरी' शोधली. दत्तप्रसाद सोडून आणखी तेवीस माणसांनी बटन दिसत नाही असं लिहिलं होतं. तेवीस जणांना तिने तीच लिंक पाठवली होती. तिचे कान गरम झाले. त्यांचा राग आला, स्वतःचा आला, बटन हलवून कोणाला न सांगणाऱ्यांचाही आला.

तिने पायरी दुरुस्त केली. गटात लिहिलं, 'चूक माझी होती, बटनाची नवी जागा वर दिली आहे.' लगेच खाली एकाने विचारलं, 'ताई, कुठे आहे मग आता?' तिने मोबाइल पालथा ठेवला. मग पुन्हा उचलून दत्तप्रसादांचा नंबर लावला.

"कट्ट्यावरसून किशोरी म्हापणकर बोलतंय. तां बटन..."

"गावला?" पलीकडून शांत आवाज आला.

"नव्याच्यात तां थंय नाय. तुमी बरोबर सांगी होतात."

"मगे माका आंधळो कित्याक म्हटलात?"

"चुकलंय, काका. पुस्तक पाठवा, मी जुळवून दितंय."

"नको आता. माझ्या भाचयेन हातान लिवन काढल्यान. झेरॉक्स करून वाटलंव सुद्धा." मग त्यांनी विचारलं, "माझ्यासारखी आनीक किती होती?"

"तेवीस."

"मगे माका काय फोन करतास? त्यांका करा." आणि त्यांनी फोन ठेवला.

तो दिवस तिने त्यातच घालवला. तेवीस जणांना एकेक निरोप. सहा नंबर बंद झालेले. बहुतेकांनी ते सॉफ्टवेअर कधीच सोडून दिलेलं. एकाने चार शब्द सुनावले, ते तिने ऐकून घेतले. सावंतवाडीच्या एका बाईने लिहिलं, 'मला वाटलं मलाच जमत नाही, म्हणून माझा टायपिंगचा क्लासच बंद केला.' हे वाचून ती बराच वेळ काही जुळवू शकली नाही.

गट ती अजून चालवते. चिडतेही तितकीच. 'हॅलो' एवढाच निरोप आला की आजही तिच्या कपाळावर आठी पडते. फक्त लिंक पाठवायच्या आधी ती आता दात आवळून एक ओळ लिहिते, 'तुमच्या पडद्यावर काय दिसतंय ते सांगा,' आणि उत्तराची वाट बघते.