धामापूरच्या तळ्यावर मी वाघ पाहिला, असं मी सांगितलं

धामापूरला काय बघू, असं तुम्ही विचारता म्हणून लिहितोय. नाहीतर ही सहल एक मावशी सोडली तर मी साठ वर्षं कुणाला सांगितलेली नाही. तेव्हा मी विशीतला, मुंबईत नवा कारकून. मार्चात दहा दिवसांची रजा मिळाली आणि धामापूरला मावशीकडे निघालो.

तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोट. डेकवर सतरंजी टाकायची आणि उलट्या करणाऱ्यांपासून लांब बसायचं. मालवणला बोट आत समुद्रात उभी राही. पडावात उतरताना बूट हमखास भिजत. पुढे एसटी आणि तांबडी धूळ. मावशीने पेज आणि ओल्या काजूगरांची उसळ वाढली. अहाहा! तुम्ही आता गाडीने जाल, पण जाल तर काजूच्या दिवसांतच जा.

दुसऱ्या दिवशी उजाडताना तळ्यावर गेलो. काजूच्या झाडांखाली काहीतरी हललं. वाघाटी! रानमांजराचीच एक जात, पण घरच्या मांजराहून लहान, अंगावर तांबूस ठिपके, कपाळावर पांढऱ्या रेघा. माझ्याकडे बघत बघत पाणी प्यायली आणि झुडपात शिरली. रानात जन्म काढलेल्यांनाही ती क्वचितच दिसते. कुणाला तरी सांगायला मी धावतच निघालो.

तळ्याकाठच्या देवीच्या देवळापाशी चहाच्या दुकानात मावशीचा शेजारी दाजी बसला होता. "जनावर पाहिलं!" मी म्हणालो.

"मांजर आसतलां रे मुंबयकारा!" सगळे फिदीफिदी हसले.

माझं डोकंच फिरलं. "वाघ होता!"

"केवडो?"

मी दोन्ही हात ताणून दाखवले.

हसणं बंद झालं. त्या गावात तेव्हा रीत होती: वाघ दिसला की बघणाऱ्याने देवीपुढे उभं राहून सांगायचं. मग गुरव गाऱ्हाणं घालणार आणि पाच दिवस त्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. मला काय ठाऊक! गुरवाने विचारलं, "देवीच्या म्होरां सांग. वाघच मां?" खरं अगदी ओठांवर आलं होतं. पण दाजी बघत होता. "वाघच," मी म्हणालो.

त्या बाजूला सखूवहिनीची काजूची झाडं होती. नवरा वारलेला, पदरी एक मुलगी, वर्षाची मीठ-मिरची त्या काजूवर. पाच दिवस बिया खाली पडून राहिल्या; वानरांनी आणि साळिंदरांनी साफ केल्या. ती बिचारी बांधावरून नुसती बघत उभी राही. आणि मी मावशीकडे बांगड्याचं तिखलं ओरपत होतो. लाज कशी वाटली नाही! वाटत होती, पण तोंड उघडत नव्हतं.

निघताना सखूवहिनी एसटीपाशी आली. म्हटलं, आता शिव्या खायच्या. तिने माझे हात धरले.

"बरां झालां रे तू सांगलंस. माजां चेडू रोज थंयच काजी वेचूक जाय. देवीनच तुका धाडल्यान."

निदान तिथे तरी बोलायचं! बस सुटली आणि मी खिडकीतून हात हलवला.

मुंबईला येऊन मावशीला सगळं खरं लिहिलं. महिन्याने उत्तर आलं: "तुझे पत्र चुलीत घातले. सखूला मी सांगणार नाही. तिने तुझ्या नावाने देवीला नारळ दिला, दरवर्षी देणार म्हणते. सांगायचे असेल तर स्वतः ये."

तळं जरूर बघा. सखूवहिनी जाऊन बरीच वर्षं झाली. शेवटपर्यंत नारळ देत होती म्हणे. मी गेलो नाही.