मागच्या सीटवरून निवडलेलं हँडल

पुण्याहून निघताना गाडी विकायचं जवळजवळ ठरलंच होतं. क्रूझर मोटरसायकल हौसेनं घेतली, पण तिचं सरळ, लांब पडणारं हँडल धरून माझा उजवा खांदा आखडायचा. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, एक तर खांदा ठेवा, नाहीतर गाडी. हँडल बदलून बघायचं, हा शेवटचा उपाय. म्हणून मी आणि बायको, सुनंदा, पनवेलला निघालो. घाटात दोनदा थांबून मी हात झटकला.

उरणकडे जाणाऱ्या रस्त्यावर न्हावा शेवा बंदराचे ट्रेलर रांगेनं उभे होते. त्यांच्याच धुळीत म्हात्र्यांचं हँडल बदलून देणारं दुकान. दारात पुरुषभर उंचीचा आरसा. आजूबाजूची पोरं हळदीच्या आधी इथं हँडल बदलतात आणि आरशात बघूनच पसंत करतात, असं म्हात्रे म्हणाले.

मीही तेच केलं. त्यांनी दोन हँडलं एकेक करून गाडीवर तात्पुरती अडकवून दिली. पहिलं उंच, बैलाच्या शिंगांसारखं. ते धरल्यावर आरशातला माणूस मला फारच आवडला. दुसरं बुटकं, मागे ओढलेलं. त्यावर मी थेट दूधवाला दिसत होतो.

"फोटू याचाच चांगला येल," उंच हँडलवर हात ठेवून म्हात्रे म्हणाले. "पन घाटान आराम हाय का, त्ये आमी नाय सांगनार."

मी उंचच बसवा म्हणणार, तोच सुनंदानं दोन्ही पुन्हा धरायला लावली. आरशाकडे न बघता ती माझ्या पाठीमागे जाऊन उभी राहिली.

"उंच धरलंत की खांदे कानाला लागतात तुमचे," ती म्हणाली. "दुसऱ्यात सैल पडतात. वीस वर्षं मी ही पाठच बघतेय."

मला राग आला, कारण तिचं खरं होतं. बुटकं हँडल बसेपर्यंत आम्ही शेजारच्या खानावळीत जिताडा (खाडीतला मासा) आणि तांदळाची भाकरी खाल्ली.

परतीला जुन्या रस्त्यानं घाट चढलो. अर्ध्या घाटात तिचं डोकं माझ्या पाठीवर टेकलं. झोप लागली होती तिला. मी सतत खांदा उडवत असल्यामुळे एरवी तिला असं टेकता यायचं नाही, हे मला तेव्हा कळलं. वाईट वाटलं, आणि बरंही. चहाची टपरी आली तरी मी गाडी थांबवली नाही.